बोराएवढा घास

आमच्या केनवडात माझ्या शब्दावर कोणी विश्वास ठेवत नाही, आणि ही प्रतिष्ठा मी फुकटात मिळवलेली नाही. स्टँडाजवळ माझं चहाचं हॉटेल आहे. तिथल्या बाकड्यावर बसून मी आजवर विहिरीत पडलेल्या बिबट्याला पोहायला शिकवलं आहे, वावटळीत सापडून रिसोडच्या बाजारात उतरलो आहे आणि पिशवीभर वांगी घेऊन त्याच वावटळीने परत आलो आहे. माझ्या भज्यातली मिरची अशी की खाणारा केनवडात बसतो आणि घाम वाशीमच्या माणसाला फुटतो. लोक ऐकतात, हसतात, दुसरा चहा सांगतात आणि उठताना म्हणतात, "लय फेकतं बे तू!" यावर माझं घर चालतं.

एका जागी बसणं मात्र मला जमत नाही. हे लिहितानासुद्धा मी इतक्यांदा उठलो आहे की खुर्चीला वाटत असेल आपण रिकाम्याच आहोत. आणि ज्या गोष्टीबद्दल लिहितो आहे, ती तर बसूच देत नाही.

गोष्ट दादाची. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. धंदा शेतीचा, पण पंचक्रोशीत नाव रोडग्यांसाठी. रोडगे म्हणजे जाडसर कणकेचे पदर घातलेले गोळे. गोवऱ्यांच्या निखाऱ्यात ते भाजायचे आणि वरण-तुपात कुस्करून वांग्याच्या भाजीबरोबर खायचे. शेतातल्या मारोतीला कोणी रोडग्यांचा नवस बोललं की पहिलं बोलावणं दादाला. दादा कणीक मळायला बसला की जमीन अशी हलायची की शेजारच्या मालेगावात लोक भूकंप समजून घराबाहेर येत. यात थोडी वाढ-घट असेल. पण पुढचं अक्षर न् अक्षर खरं आहे: शेवटचा माणूस हात धुऊन उठेपर्यंत दादाच्या तोंडात पाण्याचा घोट जायचा नाही. पंगत वाढणारा हा माणूस स्वतः नेहमी शेवटच्या पंगतीत, उरल्यासुरल्या भाजीवर जेवायचा, आणि तेही उभ्या उभ्या कोणाला तरी "घे ना अजून" म्हणत.

आजाराने पहिल्यांदा हातच धरला. रोडग्याचा पदर वळेना. अंगठ्याखालचा गुबगुबीत मांसल भाग खोल गेला. दंडावर कातडीखाली काहीतरी सारखं फुरफुरायचं. मग जीभ जड झाली. वाशीमच्या डॉक्टरांनी अकोल्याला पाठवलं आणि तिथे नाव कळलं, मोटर न्यूरॉनचा आजार. स्नायूंना हुकूम सोडणाऱ्या नसा एकेक करून वाळत जातात, आणि वाळलेल्या पुन्हा हिरव्या होत नाहीत. आम्ही रडलो आणि परत येताना गाडीत एकमेकांना एकच गोष्ट सांगत राहिलो, की दादाचं डोकं तर शाबूत आहे. गावात जो भेटायला आला त्यालाही मी हेच सांगितलं. खोटं बोलायचा एवढा सराव असूनही हे खोटं मला ओळखता आलं नाही.

पुढच्याच रोडग्यांना ते उघडं पडलं. मारोतीला नैवेद्य दाखवायचा होता, पत्रावळी नुसत्या मांडल्या होत्या. तेवढ्यात दादा पहिल्या पंगतीत पहिल्या पानावर जाऊन बसला आणि टोपल्यातला रोडगा ओढून खायला लागला. सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी मान फिरवली. त्यानंतर शेजारच्या म्हाताऱ्याच्या मातीला गेलो असताना दादाला हसू फुटलं. खदाखदा, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. म्हाताऱ्याचा मुलगा त्याच्याकडे बघत राहिला. दादा त्याच्याकडे पाठ करून उभा राहिला तरी खांदे हलतच होते.

वहिनीचं दुःख वेगळंच. तिला फणफणून ताप आला होता, ती ओसरीत पडून होती. दादा तिच्यावरून ओलांडून गेला आणि विचारलं काय, तर "गूळ कुठी हाय?" ज्या माणसाने तिच्या साध्या शिंकेला आलं ठेचून दिलं, त्याने.

"भाऊजी," वहिनी मला म्हणाली, "आजार हाताले झाला म्हन्ते ना डॉक्टर? मंग मायेले कायले लागला?"

माझ्याकडे प्रत्येक गोष्टीचं उत्तर असतं, निदान तिघांना पुरेल एवढं. त्या दिवशी मात्र मी उठलो आणि अंगणात उगाच बादली इकडची तिकडे ठेवली.

गाव मात्र खुशीत होतं. आमच्या भागात आजारी माणूस जेवत असेल तर तो आजारी नाहीच. दादा खात होता, आणि काय खात होता! गूळ, पेढे, बुंदी, दिसेल ते, दोन्ही गालांत भरून. "खाऊन राह्यला ना दादा? मंग काई नाई होत त्याले!" असं म्हणत जो तो काही ना काही घेऊन यायचा. दादाने आयुष्यभर सगळ्यांना आग्रह करकरून खाऊ घातलेलं, आता प्रत्येकाला फेड करायची होती. आणि आमचा आग्रह म्हणजे साधा नव्हे. एका सोयऱ्याला आम्ही असं जेवू घातलं होतं की परतीला एसटीने त्याला सामानात धरलं. कोणी "पुरे" म्हणालं तर आम्हाला ऐकूच येत नाही.

असाच एकदा कोणीतरी कोरडा रोडगा दादाच्या हातात दिला. दादाने अर्धा एकदम कोंबला, आणि घास अडकला. आवाज बंद. तोंड जांभळं. मी त्याला पुढे वाकवून पाठीत असे दणके घातले की घास निसटून अंगणात पडला. लोक म्हणाले, "ठसका लागला, कोणीतरी आठवन काढली असन." आणि दादा? श्वास येताच त्याने वाकडा हात पुढे केला, मातीत पडलेल्या त्याच घासाकडे. मला घाम जांभळ्या तोंडाने फुटला नव्हता. त्या हाताने फुटला.

पुन्हा अकोला. या वेळी दादाच्या मेंदूचा फोटो काढायचा ठरला. करदोटा, गळ्यातला ताईत, सगळं उतरवून दादा त्या गोल भुयारात गेला. आतून असा आवाज की दहा थ्रेशर एकाच वेळी दगड मळतायत. दादा आत दगडासारखा निपचित आणि मी बाहेर मोकळा, तर व्हरांड्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी इतका चाललो की सरळ रेषेत गेलो असतो तर पोहरादेवीला पायी दर्शन झालं असतं. वहिनी मांडीवर दादाचा ताईत घेऊन बसली होती. म्हणाली, "भाऊजी, बसा ना. तुमाले पाहूनच मले गरगरून राह्यलं."

मग डॉक्टरबाईंनी दादाला समोर बसवलं. तरुण, बारीक, आवाज मऊ. म्हणाल्या, "क पासून सुरू होणारे शब्द सांगा, जितके आठवतील तितके. बोलायला वेळ लागला तरी चालेल." दादाने जड जिभेने सांगितलं, "कणीक." मग बराच वेळ छताकडे पाहिलं आणि सांगितलं, "कणीक." माझ्या तोंडात केनवड, कापूस, कुदळ, कढई, कोथिंबीर अशी रांग लागली होती. मी ओठ दातांखाली धरले. दादा तिसऱ्यांदा "कणीक" म्हणाला आणि हसायला लागला.

नंतर बाईंनी पडद्यावर फोटो दाखवला. शेंग जास्त वाळली की टरफल तेवढंच राहतं आणि दाणा आत आकसतो, तसं कपाळामागच्या भागात दिसत होतं. मधे काळी फट. "नुसत्या फोटोवर मी बोलणार नाही," बाई म्हणाल्या. "या आजारात पुष्कळांचा फोटो चांगला दिसतो, पुष्कळांची बुद्धी शेवटपर्यंत उत्तम असते. पण काहींच्यात आजार या भागातही शिरतो. तुम्ही घरचं जे सांगता, आत्ता त्यांनी शब्द जसे सांगितले आणि हा फोटो, तिन्ही जुळतात. थांबायचं कुठे, समोरच्याला काय वाटेल, हे बघणारा हा भाग. हसू येतं तेही त्यांच्या हातात नाही. ते मुद्दाम काहीच करत नाहीत."

वहिनीने पदर नीट केला आणि विचारलं, "मंग त्याईले मी दिसतो का नाई?"

बाई म्हणाल्या, "दिसता. पण तुम्हाला बरं नाही हे पाहून जे आपोआप सुचायला हवं, ते आता त्यांना आपोआप सुचत नाही."

वहिनीने मान हलवली. रडली नाही. ताईत मुठीत होता, तो तिने पुन्हा दादाच्या गळ्यात बांधला.

शेवटी बाई माझ्याकडे वळल्या, कारण उभा असलेला मी एकटाच होतो. घास लहान आणि मऊ. गिळताना हनुवटी खाली. जेवताना बोलणं नाही. कोरडं, भुरभुरीत काही नाही, आणि गोडधोड तर नजरेलाच पडू द्यायचं नाही, कारण पाहिलं की ते थांबू शकत नाहीत. एकाच माणसाने शांतपणे भरवायचं. पुढे पोटात नळी बसवावी लागेल, तेही बोलू. "पण तोवर गावातल्या लोकांना आवरा. घाईचा एक मोठा घास पुरेसा आहे."

लोकांना आवरा! मला सांगत होत्या!

मी गावात आलो आणि हॉटेलात सगळं खरंखरं सांगितलं, आयुष्यात पहिल्यांदाच, काहीही न वाढवता. कपाळामागचा भाग आकसला आहे, डोक्याचा ब्रेक गेला आहे, खायला घातलंत तर दादा मरेल. कप खाली टेकले. मग एकजण म्हणाला, "ब्रेक गेला म्हन्तं, मंग क्लच?" आणि हॉटेल कोसळलं. मी आईची शपथ घेतली. "मायची शपथ तं तू बिबट्याच्या टायमालेही घेतली होती!" मी फोटोची काळी फिल्म काढून उजेडात धरली. "हे तं आभाळाचा फोटो हाय. पाऊस केवा म्हन्ते बे?" मी जितका चिडलो, तितके ते खूश झाले. रस्त्यावरच्यांना हाका मारमारून बोलावलं, "या, या, आज नवीन हाय!" त्या दिवशी चहाची इतकी विक्री झाली की दूध दोनदा आणावं लागलं, आणि मी मोरीत जाऊन तोंडावर पाणी मारून आलो.

घरी गेलो तर शेजारचा एक भला माणूस दादासमोर उकिडवा बसलेला. त्याच्या हातात लाडू, आख्खा, आणि दादाचं तोंड घरट्यातल्या पिल्लासारखं उघडं.

"थांबा!" मी ओरडलो. "दादाचा नवस हाय!"

लाडू हवेत थांबला.

"कोनाले?"

"मारोतीले."

"काय बोलला?"

आणि मग मी सुटलो. थापेला एकदा उतार लागला की मी काही करत नाही, ती आपोआप धावते. म्हणालो, दादा बोलला आहे की घास घेईन तर बोराएवढा. गिळताना मान मारोतीपुढे लववायची तशी खाली. जेवताना मौन. गोड वर्ज्य, कोरडं वर्ज्य. आणि घास फक्त घरच्या लक्ष्मीच्या हातचा, दुसऱ्या कोणाच्या हातचा घेतला तर देणाऱ्याला दोष.

शेजाऱ्याने लाडू कानाच्या पाळीला हात लावत मागे घेतला. "आधी सांगाव नं बाप्पा! मायाकून पाप झालं असतं ना आता!"

संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला ठाऊक झालं, आणि एकानेही शंका घेतली नाही. बिबट्यावर हसणारे, फोटोवर हसणारे, तेच लोक फाटकातून आत येताना हातातली पुडी बाहेर ठेवू लागले. आमच्याकडे माणसाचं "पुरे" कोणी मानत नाही, पण देवाला बोललेलं मोडायला कोणी धजत नाही. डॉक्टरबाईंची सगळी कलमं मी मारोतीच्या नावावर चढवली आणि ती चालली.

एकटा गुरव अडला. मारोतीची पूजा त्याच्याकडे. तो हॉटेलात आला, चहा घेतला नाही. "काहून बे," म्हणाला, "मायासमोर तं कोनी नारळ फोडला नाई. हा नवस बोलला कोन अन् केवा?"

मी त्याला मागे नेलं आणि फिल्म दाखवली. कपाळ, फट, ब्रेक, घास, सगळं पुन्हा सांगितलं. तो बराच वेळ फिल्म उलटीसुलटी करत राहिला.

"मले याच्यातलं काई समजलं नाई," तो म्हणाला. "पन तू सांगून राह्यला अन् हसून नाई राह्यला, हे मी पह्यल्यांदा पाह्यलं." फिल्म परत दिली आणि गेला. त्याने नवस मानला की नाही, मला कळेना. पुढचे कितीतरी दिवस देवळाजवळून जाताना मी सायकलची घंटासुद्धा वाजवली नाही.

मग पुन्हा रोडगे निघाले. दादाला घरी ठेवावं म्हटलं तर लोक ऐकेनात. ज्याच्या हातचे रोडगे आयुष्यभर खाल्ले त्याला सोडून कसं बसायचं? दादाला मधोमध बसवलं. वहिनी शेजारी, वाटीत रोडगा वरणात पार विरघळवून घोटलेला. मान खाली, बोराएवढा घास. सगळं ठीक चाललं होतं. मला मात्र बसवेना, वाढण्याचं निमित्त करून मी दादाच्या मागून फेऱ्या मारत होतो, म्हणून ते मला सगळ्यांत आधी दिसलं. नवसाने गाव बांधलं होतं. दादाला कोण बांधणार? त्याला नवस माहीतच नव्हता, आणि माहीत असता तरी थांबवणारा भाग आकसलेला. शेजारच्या पानावर गूळ-तुपातला चुरमा होता. दादाचा वाकडा हात सरपटत तिकडे गेला आणि मूठभर चुरमा तोंडाकडे निघाला.

मी मनगट धरलं. दादा माझ्याकडे बघून गुरगुरला, त्या आवाजात मी कुठेच नव्हतो. पंगत थांबली. "अरे, दादाच नवस मोडून राह्यला!" कोणीतरी म्हणालं. दुसरा माझ्याकडे बघायला लागला, तिसराही. मला दिसत होतं की या माणसांच्या डोळ्यांत आता बिबट्या येतो आहे, वावटळ येते आहे. मी तोंड उघडलं आणि आत काहीच नव्हतं. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा माझी थाप संपली होती.

तेव्हा गुरव उठला. हातातला घास पत्रावळीवर ठेवला आणि मारोतीकडे तोंड करून मोठ्याने म्हणाला, "चूक आपली हाय! नवसवाला ज्या पंगतीत बसते, त्या पंगतीत कोनाच्याच पानावर गोड अन् कोरडं राहू नये. मीच सांगाचं विसरलो. उचला!"

गावाने उचललं. चुरमा टोपल्यात परत गेला. रोडगे वरणात बुडाले. एका म्हाताऱ्याने, मला वाटतं चेष्टेनेच, मान खाली घालून बोराएवढा घास घेतला. शेजाऱ्याने त्याचं पाहून तसंच केलं. थोड्या वेळात ओळच्या ओळ माना खाली घालून, एक शब्द न बोलता, बोराएवढे घास घेत होती. केनवडची पंगत आणि आवाज नाही! झाडावरचे कावळे घाबरून मालेगावच्या हद्दीत गेले असं मी हॉटेलात सांगतो. कावळे जागचे हलले नव्हते. माणसं मात्र खरोखर गप्प होती. आजूबाजूला कुठेच गोड दिसेना तेव्हा दादाचा हात सैल पडला आणि तोंड वहिनीकडे वळलं.

परतताना वहिनी म्हणाली, "भाऊजी, खोटं तुमचं हाय, मले माहीत हाय. पन आता त्याईचं तोंड मायाच हाताकडे वळते." थोडं चालून पुन्हा म्हणाली, "घासासाठी वळते, हेही माहीत हाय. वळते ना पन."

आता दादाला जास्त पातळ लागतं. नळीसाठी अकोल्याला जायचं आहे, आणि नळी मारोतीच्या कोणत्या कलमात बसवायची याचा विचार करत मी गल्ल्यापासून चुलीपर्यंत येरझारा घालतो. गुरवाला विचारणार आहे. त्याचा हात आता चांगला बसला आहे.

लोक मात्र एक प्रश्न सोडत नाहीत. नवस म्हटला की तो फिटला पाहिजे, आणि फिटला की गावाला गोडाची पंगत. रोज कोणीतरी चहा ढवळत विचारतो, "काहून बे, दादाचा नवस केवा फिटते?" गोडाची ती पंगत कोणती असणार, कितव्या दिवशी असणार आणि दादा तिच्यात कुठेच नसणार, हे मला कळतं, वहिनीला कळतं, गुरवाला कळतं. मी फडकं घेऊन बाकडी पुसायला लागतो, पुसलेलीच.

काल एकाने तेच विचारलं तेव्हा मी फडकं खाली ठेवलं आणि त्या माणसासमोर चक्क बसलो.

"घाई करायची नाई," म्हणालो. "त्याच्यातलं पह्यलं कलम तेच हाय."